१६ फुटी शिडाच्या कॅटमरानचं वजन कुठून कमी करावं?

गोसेखुर्दच्या जलाशयासाठी ६ मिमी प्लायची १६ फुटी कॅटमरान (दोन जोड-सांगाड्यांची नाव) बांधली, ती शिडासकट २१० किलो भरली, आता दुसरी बांधताना वजन कुठून काढू, असं तुम्ही विचारलंय. जवळपास तेवढ्याच लांबीची कारखान्यातली होबी १६ असते १४५ किलोंची. तुम्ही १६० वर आलात तरी पुष्कळ. ए-क्लास या शर्यतीच्या कॅटमरानच्या ७५ किलोंच्या मागे लागू नका, ते कार्बन फायबरचं काम आहे.

सुरुवात प्लायपासून करा. ६ मिमी मरीन प्लाय चौरस मीटरला सुमारे ४ किलो, ४ मिमी पावणेतीन. दोन्ही हलचं (नावेच्या दोन सांगाड्यांचं) मिळून १५ चौरस मीटर धरलं तर १९ किलो वाचतात. पण ४ मिमीला बाहेरून २०० ग्रॅमचं ग्लास कापड लागतंच. त्यात मुरवायच्या इपॉक्सी रेझिनसह (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा चिकट द्रव) त्याचे ६ किलो परत चढतात, म्हणजे निव्वळ बचत १३. तळाला दुहेरी कापड द्या, पाण्याखालच्या झाडांच्या खुंटांना पातळ तळ टिकणार नाही. आतल्या पट्ट्या सागाऐवजी शिवणीच्या घ्या. हलकी असते, आणि सागाच्या तेलामुळे इपॉक्सी सुटायची भीतीही राहत नाही.

रेझिन मोजूनच घ्या: कापडाच्या वजनाइतकं, त्याहून जास्त नाही. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, फक्त वजन वाढवतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हेच बिघडतं. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण निम्म्या वेळात घट्ट होते, मग घाईत जाड थर बसतो. पहाटे काम करा, स्लो हार्डनर वापरा, मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ती स्वतःच्याच उष्णतेनं धुरावते.

टोकांचं आणि डोलकाठीच्या शेंड्याचं वजन आधी काढा. तिथला एक किलो नावेला पुढं-मागं डोलवतो, शिडातली हवा मोडते. दोन्ही हल जोडणारे आडवे बीम जिथं हलला जोडतात तिथं, डोलकाठीच्या बुडाशी आणि तिच्या तारांच्या कड्यांपाशी मात्र एक ग्रॅमही काढू नका. नाव तुटते ती तिथंच. मधल्या कापडी ट्रॅम्पोलिनऐवजी जाळी लावा, कापड पाणी धरून बसतं.

हलमध्ये शिरलेलं लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. काठावर आलात की बूच काढून नाव तिरपी ठेवा, आणि बांधतानाच आतली बाजू इपॉक्सीनं पूर्ण सील करा, नाहीतर पावसाळाभर प्लाय पाणी पीत राहील.