ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या रस्त्यांवरही चालणारी) नवी आहे, साताऱ्याजवळ जंगलातून कुठे न्यावी?

सातारा–कास–बामणोली, डोळे झाकून! कासपर्यंत साधारण २५ किलोमीटर चढ. पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे उतार लागतो. बामणोलीला सायकल लाँचमध्ये चढवा, तापोळ्याला उतरा आणि महाबळेश्वरचा घाट चढा. हा चढ पाय मोडतो, पण झाडीतली सावली साथ देते.

मुख्य रस्ता डांबरी आहे, खरी मजा वाड्यांकडे फुटणाऱ्या मुरमाड वाटांवर. तिथे वळणावर जांभ्याचे बारीक खडे गोट्यांसारखे घरंगळतात. पुढचा ब्रेक दाबलात की चाक निसटलंच. वेग वळणाआधीच कमी करा. ४० मिमी रुंदीचे टायर लागतात, त्यांत हवा थोडी कमी ठेवा.

कोयना अभयारण्य व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे परवानगीशिवाय कृपया शिरू नका. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.