शंभरच्या पुढे बाईक डोलते, स्टीअरिंग डॅम्पर बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की मागचा टॉपबॉक्स भरलेला असला की शंभरच्या पुढे अख्खी गाडी संथपणे डोलायला लागते, आणि मित्र म्हणतो डॅम्पर (हँडलच्या झटक्यांना विरोध करणारा छोटा शॉक) बसव. मी म्हणेन, एवढ्यात नको. तुमच्या बाबतीत त्याने दुखणं वाढूही शकतं.

डोलण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. वॉबलमध्ये फक्त हँडल फडफडतं, सेकंदाला साधारण 6 ते 10 वेळा, आणि तेही बऱ्याचदा मध्यम वेगात, हात सैल सोडल्यावर. वीव्हमध्ये पूर्ण गाडी नागमोडी चालते. हेलकावे सेकंदाला 2 ते 4, आणि वेग जितका जास्त तितके ते विरायला वेळ लागतो. अभियंते रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये गणित मांडून दाखवलं की डॅम्पर वॉबल दाबतो, पण जास्त वेगातली वीव्ह उलट बळावते. तुमचं वर्णन वीव्हचं आहे.

आधी टॉपबॉक्स काढून बघा. त्याचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि उंचावर असतं, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं. सामान खाली, शक्य तितकं पुढे बांधा. टायरची हवा, मागच्या चिमट्याचे बुश आणि चाकाचे बेरिंगही बघून घ्या.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग. डबल स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्क खालून मागे-पुढे हलवा. खटखट जाणवली तर तो सैल आहे. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकलं तर रेसला (बेरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्याला) खड्डे पडलेत; घट्ट करून भागणार नाही, बदलाच. माझी पसंती टेपर रोलरला, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या बेरिंगला.

रचनेचं म्हणाल तर खरा आकडा ट्रेलचा. कोनसेटमधून जाणारी तिरकी रेषा जमिनीला जिथे लागते, त्याच्या मागे टायर टेकतो. हे अंतर म्हणजे ट्रेल, आणि त्यामुळेच चाक आपसूक सरळ व्हायला बघतं. चाकाची त्रिज्या 300 मिमी, टीचा (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पचा) ऑफसेट, म्हणजे त्या तिरक्या रेषेपासून अ‍ॅक्सल जितका पुढे ते अंतर, 30 मिमी आणि रेक, म्हणजे ती रेषा उभ्यापासून जितकी कललेली तो कोन, 25 अंश धरला तर ट्रेल सुमारे 107 मिमी येतो. रेक 24 केला की 101. एका अंशात 6 मिमी गेले! फोर्क टीमधून वर सरकवणं किंवा मागे उंच शॉक टाकणं, दोन्हींनी हेच होतं. 'स्पोर्टी लूक'साठी असं केलं असेल तर कंपनीच्या मापावर परत आणा. मात्र ट्रेल वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. हँडल जड होतं आणि वीव्ह जाईलच असं नाही.

एवढं करून हँडलच फडफडत राहिलं तर डॅम्परचा विचार करा, तोही घट्टपणा कमी-जास्त करता येणारा. होंडाने 2004 च्या सीबीआर1000आरआरवर वेगानुसार आपोआप घट्ट होणारा डॅम्पर दिला, तो याचसाठी: गल्लीत वळताना हँडल जड लागू नये.

तोवर चालू गाडी डोललीच तर करकचून ब्रेक दाबू नका. टाकीवर पुढे झुका, गुडघ्यांनी टाकी धरा आणि थ्रॉटल हळूहळू सोडा.