बाबांची फियाट विंटेज होऊ शकते, पण ती तशी करायची का?

प्रश्न: मी पुण्यात राहतो, वय ५२. वडिलांची १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे; घरात आम्ही सगळे तिला फियाटच म्हणतो. पासिंग पुण्याचंच, तीन अक्षरी जुना नंबर. १९८६ मध्ये खंबाटकी घाटात इंजिन जाम झालं, तेव्हा बाबांनी भंगारातल्या दुसऱ्या फियाटचं तशाच मॉडेलचं इंजिन बसवलं. आरसी बुकाच्या मागच्या पानावर त्याची नोंद आणि शिक्का आहे. काही वर्षांपूर्वी गळलेला फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड केला. आरसीची मुदत दीड वर्षापूर्वी संपली. बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. इंजिन बसू नये म्हणून दर रविवारी सकाळी मी ती पौड रोडपर्यंत फिरवून आणतो. मेव्हणे म्हणतात, पंधरा वर्षांपुढच्या गाड्या आता भंगारात जाणार, त्याआधी विंटेज करून टाक. लेकीच्या लग्नाची वरात याच गाडीतून काढायची आहे, पुढे जमलं तर फोटोशूटला भाड्यानेही द्यायची आहे. नोंदणी मिळेल का? भावाची १९९२ ची मारुती ८०० आहे, तिला चालेल का?

उत्तर:

तुम्ही विचारलेलं नाही, पण आधी तेच सांगतो. येत्या रविवारी गाडी गेटबाहेर काढू नका. जागेवरच स्टार्ट करा, पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, चाकं हाताने अर्धा फेरा पुढे ढकला, पण रस्त्यावर नेऊ नका.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलं ते हे रविवारचं फिरणं. आरसीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खालचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत. दंडाचं एक वेळ सोडून द्या. विम्याचं काय? पॉलिसीधारक वारला की मोटार पॉलिसी वारसांसाठी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तुम्हाला आठ महिने झाले. म्हणजे या घडीला गाडीला थर्ड पार्टी विमाच नाही असं धरून चाला. पौड रोडला सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या माणसाला धक्का लागला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाईचा निवाडा तुमच्या घरादारावर करेल. अशा निवाड्याखाली फ्लॅट विकावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत. बाबांच्या आठवणीसाठी जपलेल्या गाडीने ही वेळ आणू नये.

आता विंटेजकडे वळू. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून नियम ८१-ए ते ८१-जी घातले. त्याआधी जुन्या गाडीची वेगळी नोंदणी अशी सबंध देशासाठी नव्हती. आता दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, या नियमांत बसतात. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली याला इथे महत्त्व नाही. तुमची गाडी १९७३ चीच पहिली नोंदणी दाखवत असेल, तर वयाची अट ती २०२३ मध्येच पार करून बसली आहे.

भावाच्या मारुतीचं उत्तर सरळ आहे. १९९२ ची नोंदणी, ५० वर्षं होणार २०४२ ला. इंटरनेटवर लोक ३० वर्षांचा आकडा सांगतात, तो परदेशातला आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या ३० वर्षांची, जर्मनीतही ३०, ब्रिटनमध्ये ४०. आपल्या कायद्यात 'क्लासिक' नावाचा वर्गच नाही. त्यांनी मारुती नेहमीसारखी पासिंग करत चालवावी. खूप चांगली गाडी आहे ती, जपा म्हणावं.

वय झालं की गाडी आपोआप विंटेज होत नाही. नियमाची दुसरी अट आहे मूळ रूपाची. चॅसिस, बॉडी शेल (पत्र्याचा मूळ सांगाडा) किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी दुरुस्ती गाडीत झालेली नसावी. तुमच्या गाडीचं सगळं भवितव्य या एका वाक्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिन. तुमच्या वडिलांनी डिझेल इंजिन बसवलं असतं, तर मी तुम्हाला पैसे खर्च करू नका असं सांगितलं असतं. पेट्रोल परवडेना म्हणून फियाट आणि अँबॅसिडरला डिझेल इंजिन टाकणारे त्या काळात कमी नव्हते, आणि त्या गाड्यांसाठी हा दरवाजा जवळजवळ बंद आहे. पण तुमच्याकडे त्याच जातीचं, तेच १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. माझ्या मते, एका मूळ भागाच्या जागी तसाच मूळ भाग बसवणं हा नियमाला नको असलेला बदल नाही. ती दुरुस्ती आहे. अंतिम निर्णय विंटेज गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या समितीचा असतो, आणि समितीपुढे हा मुद्दा मांडायला तुमच्याकडे सोन्यासारखा कागद आहे, तो म्हणजे १९८६ चा शिक्का. तेव्हा १९३९ चा कायदा होता, १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. इंजिन बदललं की आरटीओला कळवायचं हे तेव्हाही आणि आताही बंधनच आहे. सध्याच्या कलम ५२ मध्ये त्यासाठी १४ दिवस दिले आहेत. फार थोडे लोक ते करतात. तुमच्या वडिलांनी ते केलं, आणि चाळीस वर्षांनी तेच पान तुमच्या उपयोगी पडणार आहे.

एक काम आजच करा. बॉनेट उघडा, इंजिनवरचा नंबर कपड्याने आणि थोड्या केरोसीनने पुसून काढा, त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. उमटलेला आकडा मागच्या पानावरच्या आकड्याशी एकेक अंक लावून पाहा. तसाच चॅसिस नंबरचा छाप घ्या. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ७, ३ आणि ८ यांचा घोळ हमखास असतो, आणि तो घोळ संगणकात तसाच चढला असेल तर तपासणीच्या दिवशी गाडी परत पाठवतात. तुमची नोंद आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत आली आहे का, हेही बघून घ्या; नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या वहीतली नोंद संगणकात चढवून घ्यावी लागेल.

फ्लोअरचा पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नसते, बॉडी हीच चॅसिस. त्यामुळे फ्लोअर कापला म्हणजे बॉडी शेलला हात लागलाच. पण गंजलेला भाग काढून त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा जोडला असेल तर मूळ रूप शाबूत राहतं. मापं बदलून दुसऱ्या गाडीच्या सीट बसवल्या असतील, छत कापलं असेल, गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली आणला असेल, तर मात्र ते मूळ रूप म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात कलम ५२ चा अर्थ कडक लावला: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. तुमच्या मिस्त्रीकडे कामाचं बिल किंवा कापण्याआधीचे फोटो असतील तर मागून घ्या.

अर्ज फॉर्म २० मध्ये. सोबत चालू विमा, शुल्क आणि जुनी आरसी. प्रमाणपत्र फॉर्म २३-ए मध्ये, ६० दिवसांत द्यायचं असं नियम म्हणतो, आणि ते दहा वर्षं चालतं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. तेव्हा बाबांची ती तीन अक्षरं जाणार नाहीत. 'व्हीए' अक्षरांची नवी मालिका आहे ती नव्याने नोंद होणाऱ्यांसाठी. नकार मिळाला तर कारणं लेखी घ्या. कलम ४५ प्रमाणे ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि कलम ५७ खाली अपिलाला ३० दिवस मिळतात.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग करूनच टाकू. थांबा.

विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, त्यासाठी जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढीच मोकळीक आहे. लेकीची वरात या यादीत नाही. गणपतीला गावी जाणं नाही. दसऱ्याला पूजा करून घरच्यांना एक चक्कर मारून आणणं, तेही नाही. फोटोशूटला भाड्याने देणं तर सरळ व्यावसायिक वापर झाला. आणि हे भाड्याचं साध्या खासगी नोंदणीवरही चालत नाही. परवान्याशिवाय भाडं घेतल्यास कलम १९२-ए मध्ये १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तो विचार पूर्ण सोडा.

पैशाचा हिशेब बघा. विंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला ५,०००. साध्या नोंदणीत ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणाचे १०,००० रुपये लागतात, दर पाच वर्षांनी. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत दोन्हीकडे २०,०००च. साध्या बाजूला पर्यावरण कर वर येईल, आणि तुमच्या दीड वर्षाच्या उशिराचे महिन्याला ५०० प्रमाणे सुमारे ९,०००. एवढ्या फरकासाठी तुम्ही गाडी रस्त्यावर नेण्याचा हक्क देऊन टाकणार का? माझं मत विचाराल तर नको. ती अजून तुमच्या घरातली चालती गाडी आहे. फॉर्म २५ भरून, तपासणी करून नूतनीकरण घ्या आणि मुलीला तिच्यातूनच सासरी पाठवा. पुढे कधी ती फक्त रॅलीपुरतीच बाहेर काढायची असं ठरलं, तर विंटेजचा अर्ज तेव्हा करता येईल. त्याला शेवटची तारीख नाही.

मेव्हण्यांची भीती दिल्लीवरून आलेली आहे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल यावरची बंदी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये पुढे चालू ठेवली, ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी. पुण्यात खासगी गाडी तपासणीत पास होत असेल, तर नुसत्या वयावरून तिला कोणी भंगारात घालत नाही.

दोन्हीपैकी काहीही करायचं तरी आधी गाडी तुमच्या नावावर यायला हवी. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलाचा फॉर्म ३१ भरायचा, ही मुदत उलटली आहे. दंड भरून अर्ज घेतात, काळजी करू नका. मृत्यूचा दाखला, आरसी आणि इतर वारसांचं संमतीपत्र लागेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात तुमची आई, तुम्ही आणि तुमची सगळी भावंडं यांचा या गाडीत सारखा हिस्सा आहे. पत्रात मेव्हणे आहेत, बहिणीचं नाव कुठेच नाही. ते बहिणीचे यजमान असतील, तर त्यांच्यामार्फत स्टँप पेपर पाठवून सही आणू नका. तुम्ही स्वतः जा, तिला गाडीची आजची किंमत सांगा, तुम्हाला काय करायचं आहे ते सांगा आणि मग सही मागा. आज न विचारता घेतलेली सही उद्या गाडीला चांगली किंमत आली की वादाचं कारण होते, आणि भावंडांमधले असे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालतात.

क्रम असा धरा: आधी आई आणि भावंडांची संमती, मग नाव बदल, त्याबरोबर तुमच्या नावाने विमा, मग नूतनीकरण. विमा कंपनीत एजंट 'विंटेज पॉलिसी' म्हणाला तर गोंधळू नका. विम्याच्या जुन्या दरपत्रकातली विंटेज मोटार ही १९४० सालापर्यंत बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली, त्याचा तुमच्या नोंदणीशी संबंध नाही.

आणि लग्नासाठी गाडी चकाचक करायला मिस्त्रीकडे न्याल, तेव्हा रंगाला हात लावण्याआधी आतून-बाहेरून, फ्लोअरच्या खालून, दोन्ही नंबरांचे असे सगळे फोटो काढून ठेवा. आरसीत नोंदलेला मूळ रंगच द्यायला सांगा. डॅशबोर्ड, मीटर, दाराच्या मुठी काढल्या तर त्या फेकू देऊ नका, डब्यात भरून घरी आणा.