जोडगोळीला मानवंदना: जमली कुठे, फसली कुठे?

प्रश्न: ऐंशीच्या दशकातले, एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या दोन पोलिसांचे विनोदी हॉलीवूडपट पाहतच मी मोठा झालो. गेल्या काही वर्षांत त्यांना मानवंदना म्हणून बनवलेले बरेच चित्रपट पाहिले. तसेच सिंथेसायझरचे संगीत, तसाच डाफरणारा वरिष्ठ, तसेच पाठलाग. तरीही बहुतेक वेळा निराशाच पदरी पडली. हा माझ्या वयाचा दोष म्हणायचा, की हे चित्रपटच मुळात जमत नाहीत?

उत्तर: वयाचा थोडाफार वाटा असेलच, पण सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. हे चित्रपट काही वेळा उत्तम जमतात, मात्र आपण जी यादी दिली आहे तेवढ्यावरच थांबणारे चित्रपट हमखास फसतात, आणि त्याचे कारण मूळ चित्रपटांतच सापडते. ते चित्रपट आज आपल्याला विनोदी म्हणून आठवतात; प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे गुन्हेपट म्हणूनच रचलेले होते आणि विनोद त्यांत भीतीच्या, द्वेषाच्या किंवा दुःखाच्या पोटातून निघत असे.

वॉल्टर हिल यांचा ‘फॉर्टीएट अवर्स’ (१९८२) घ्या. निक नोल्टीचा पोलीस तुरुंगातल्या एका कैद्याला दोन दिवसांसाठी बाहेर काढतो. तो कैदी म्हणजे पहिल्याच चित्रपटात काम करणारा एडी मर्फी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या, केवळ गोऱ्या आणि उघडपणे वर्णद्वेषी गिऱ्हाइकांनी भरलेल्या एका बारमध्ये हा कृष्णवर्णीय कैदी उसना बिल्ला घेऊन शिरतो, हातातला ग्लास आरशावर भिरकावतो आणि सगळ्या बारला दमात घेतो. आपण खदखदून हसतो, पण कोणत्याही क्षणी याचा मुडदा पडू शकतो ही जाणीव हसताना मनातून जात नाही. शिवाय ज्या पोलिसाचा बिल्ला त्याने घेतला आहे तोही त्याला आधी वाटेल ते वर्णवाचक बोललेला असतो, त्यामुळे पुढे तो ओशाळून माफी मागतो तेव्हा त्या माफीला वजन येते.

‘लीथल वेपन’मध्ये (१९८७) हेच आणखी स्पष्ट दिसते. शेन ब्लॅक यांच्या पटकथेत एका पोलिसाची (डॅनी ग्लोव्हर) ओळख होते ती आंघोळीच्या टबमध्ये, पन्नाशीच्या वाढदिवसाचा केक घेऊन आत शिरलेल्या बायकामुलांच्या गराड्यात. दुसऱ्याची (मेल गिब्सन) पत्नी वारलेली आहे आणि तो एकट्याने ट्रेलरमध्ये राहतो, जिथे तो पिस्तुलाची नळी तोंडात धरून बसतो आणि चाप ओढू शकत नाही. एकाला धडधाकट निवृत्त व्हायचे आहे आणि दुसऱ्याला जगायचेच नाही, अशा दोघांना एका गाडीत बसवले की विनोदासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. इमारतीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाची समजूत काढायला गेलेला मेल गिब्सन त्याच्या हाताला स्वतःच्या हातासकट बेडी घालतो आणि त्याला घेऊन खालच्या हवेच्या गादीवर उडी मारतो. डॅनी ग्लोव्हरचा त्यानंतरचा संताप विनोदी वाटतो, कारण हा माणूस खरोखर मरायला निघाला आहे की काय, ही शंका त्याला आणि आपल्याला एकाच वेळी येते.

आता केविन स्मिथ यांचा ‘कॉप आउट’ (२०१०) पाहा. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही: ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ला (१९८४) ज्यांनी संगीत दिले त्या हॅरॉल्ड फाल्टरमायर यांनाच मुद्दाम बोलावून संगीत करून घेतले होते. सुरुवातीच्या चौकशीच्या प्रसंगात ट्रेसी मॉर्गनचा पोलीस संशयिताला दरडावण्यासाठी एकामागून एक गाजलेल्या चित्रपटांतले संवाद फेकतो, काचेपलीकडे उभा असलेला ब्रूस विलिस चित्रपटांची नावे ओळखत राहतो, आणि शेवटी विलिसच्याच ‘डाय हार्ड’मधला संवाद आला की म्हणतो, हा मी पाहिलेला नाही. गंमत आहे, नाही असे नाही. पण या प्रसंगात समोरचा संशयित कोण आहे, त्याच्याकडून काय हवे आहे आणि ते न मिळाल्यास कोणाचे काय बिघडेल, याच्याशी कोणालाच देणेघेणे नाही. उरलेला चित्रपटही याच वळणाने जातो. दोघे नऊ वर्षांचे जोडीदार असल्याचे आपल्याला सांगण्यात येते. जोडी जुळताना पाहण्याचा, म्हणजे या प्रकारातला निम्मा आनंद, इथे सुरुवातीलाच खर्ची पडलेला असतो.

त्याच वर्षी आलेल्या ॲडम मके यांच्या ‘दि अदर गाइज’मध्येही एक उडी आहे. सॅम्युएल जॅक्सन आणि ड्वेन जॉन्सन हे शहराचे लाडके, बेधडक पोलीस चोरांच्या मागे उंच इमारतीच्या गच्चीवर पोचतात, खाली झुडपे आहेत असे गृहीत धरून रुबाबात उडी टाकतात आणि थेट रस्त्यावर आपटून मरतात. झुडपे नसतातच. ‘लीथल वेपन’ आठवणाऱ्याला यात जास्तीची मजा येते, मात्र ज्याने तो पाहिलेला नाही त्याचेही काही अडत नाही, आणि मुख्य म्हणजे या उडीमुळे कथा पुढे सरकते: नायकांच्या जागा रिकाम्या होतात आणि कार्यालयात कागद रंगवणारे दोघे पुढे येतात. त्या दोघांसमोरचा गुन्हाही अमली पदार्थांचा नसून आर्थिक घोटाळ्याचा, म्हणजे २००८च्या पडझडीनंतरच्या काळाला साजेसा आहे. मूळ चित्रपट न पाहिलेल्या माणसासाठी प्रसंग उभा राहतो का, ही माझी साधी कसोटी आहे. ‘कॉप आउट’ तिथे कोसळतो आणि ‘दि अदर गाइज’ (उत्तरार्धात रेंगाळत असला तरी) उभा राहतो.

या कसोटीवर सर्वांत वरचा क्रमांक मी एडगर राइट यांच्या ‘हॉट फझ’ला (२००७) देतो. सायमन पेग हा लंडनहून इंग्लंडमधल्या एका झोपाळू गावात बदली झालेला, नियमाने चालणारा पोलीस. निक फ्रॉस्ट हा हॉलीवूडच्या मारधाडपटांवर पोसलेला गावातला भाबडा शिपाई. ‘पॉइंट ब्रेक’मध्ये (१९९१) नायक गुन्हेगारावर गोळी झाडू न शकल्याने हवेत गोळ्या झाडत किंचाळतो. तसे तू कधी केले आहेस का, असे फ्रॉस्ट पेगला उत्सुकतेने विचारतो. आपण हसतो आणि विसरून जातो. (चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी पुढची दोन वाक्ये गाळावीत.) शेवटाकडे फ्रॉस्टच्या बंदुकीसमोर त्याचा स्वतःचा बाप येतो, आणि तोही हवेत गोळ्या झाडत किंचाळतो. विडंबन म्हणून पेरलेली गोष्ट इथे त्या मुलाच्या दुःखाची गोष्ट होते, आणि राइट यांना जुने चित्रपट वरवर आवडत नव्हते, आतून कळले होते, हे या एका जागी दिसते.

प्रश्न: त्या चित्रपटांतले पोलीस संशयितांना बदडतात, परवानगीशिवाय दारे फोडतात आणि वरिष्ठांनी फक्त ओरडायचे असते. आज त्यावर हसणे अवघड जाते. मग मानवंदना द्यायची तरी कशाला?

उत्तर: आपला आक्षेप रास्त आहे आणि तो चित्रपट बनवणाऱ्यांनाही जाणवतो. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाल्यानंतर २०२०मध्ये ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ या पोलीस ठाण्यातल्या विनोदी मालिकेच्या लेखकांनी तयार असलेले चार भाग बाजूला टाकून नव्याने सुरुवात केली, असे तिच्यातले अभिनेते टेरी क्रूज यांनी सांगितले होते. मात्र ज्या मानवंदना जमल्या, त्यांनी याआधीच या अडचणीलाच विनोदाचा विषय केलेले दिसते. ‘हॉट फझ’मध्ये अर्ज भरण्याची दृश्ये गोळीबाराच्या थाटात, धडाधड तुकडे जोडून दाखवली आहेत. ‘ट्वेंटीवन जम्प स्ट्रीट’मध्ये (२०१२) दोघा नवख्या पोलिसांनी केलेली पहिलीच अटक हातची जाते, कारण आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवायचे राहून गेलेले असते. पुढे हेच दोघे विद्यार्थी बनून शाळेत जातात तेव्हा त्यांतला दांडगट, चिडवाचिडवी करणारा गडी जुन्या ऐटीत वावरायला जातो आणि काळ बदलला आहे, आता पर्यावरणाची काळजी घेणारी मुले रुबाबदार ठरतात, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. ऐंशीच्या दशकातला नायक आजच्या जगात आणून सोडला तर काय होईल, याचे याहून नेमके उत्तर मी पाहिलेले नाही. ज्यांना हा प्रश्न पडतच नाही, त्यांचे चित्रपट पाहताना अवघडल्यासारखे होते, हे मात्र आपल्याप्रमाणे मलाही मान्य आहे.

प्रश्न: एडी मर्फीचा २०२४चा ‘बेव्हर्ली हिल्स कॉप: ॲक्सेल एफ’ मानवंदना म्हणावा की पुढचा भाग? आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हा सगळा प्रकार दाखवायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर: कागदोपत्री तो चौथा भाग आहे, वागणूक मात्र मानवंदनेची आहे; पहिल्या भागातली गाणी, माणसे आणि चेष्टा त्यात ओळीने हजेरी लावतात. पहिल्या चित्रपटात डेट्रॉइटहून आलेला हा पोलीस श्रीमंतांच्या वस्तीत सर्वस्वी परका होता आणि हॉटेलात खोली मिळवण्यासाठी आपण मायकल जॅक्सनची मुलाखत घ्यायला आलेले पत्रकार आहोत, अशी थाप ठोकून देत होता. नव्या चित्रपटात तो तसेच सोंग सुरू करतो आणि दमल्याचे सांगून मध्येच सोडून देतो. मला तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण उरलेल्या वेळात हा थकवा कोणी कबूल करत नाही. पाहायला हरकत नाही, पण सुरुवात त्याने करू नका.

मुलीला आधी ‘लीथल वेपन’ दाखवा. ‘फॉर्टीएट अवर्स’मधली भाषा फार कडवट आहे, तो थोडा नंतर. मध्ये मार्टिन ब्रेस्ट यांचा ‘मिडनाइट रन’ (१९८८) जरूर घ्या. त्यात रॉबर्ट डी नीरो पोलिसाची नोकरी सोडून फरारी आरोपी पकडून देणारा झालेला आहे आणि चार्ल्स ग्रोडिन त्याचा कैदी असलेला हिशेबनीस, म्हणजे काटेकोर अर्थाने तो या प्रकारात मोडत नाही. पण दोन माणसे एकमेकांना हळूहळू सोसू लागतात ती प्रक्रिया इतक्या बारकाईने क्वचितच कोणी टिपली असेल. त्यानंतर ‘हॉट फझ’ लावा, आणि तिने ‘पॉइंट ब्रेक’ पाहिलेला नसेल तर तो आधी पाहण्याचा आग्रह धरू नका.