वाचक विचारतात: बोगद्याआधीचा गोटहार्ड

प्रश्न: स्वित्झर्लंडला ट्रेनने आल्प्समधला गोटहार्ड घाट पार केला, गाईड म्हणाला हा जुना व्यापारी रस्ता. मग बोगद्याआधी लोक जायचे कसे?

उत्तर: खेचरं घेऊन! घाट २१०६ मीटर उंच आहेच पण खरी अडचण खाली शोलेनेनच्या घळीत, तिथे रॉइस नदी उभ्या कड्यांमधून अशी घुसते की पाय ठेवायला जागा नाही, मग १३व्या शतकात लाकडी पूल टाकला आणि कड्याला साखळदंडांनी फळ्या टांगल्या, त्या ओल्या फळ्यांवरून लादलेली खेचरं चालायची, नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो. चीज इटलीकडे, वाईन-तांदूळ उत्तरेला. १७०७-०८ मध्ये कडाच फोडून ६४ मीटरचा बोगदा काढला तेव्हा कुठे त्या फळ्यांतून सुटका झाली. तुमच्या ट्रेनवाली रेल्वे आणि तिचा बोगदा आला १८८२मध्ये. पुढच्या वेळी घळीच्या वरच्या आंडरमाट गावाला उतरा आणि घळीतल्या त्या पुलाच्या जागी आज उभ्या असलेल्या सैतानाच्या पुलापर्यंत चालत जाच.