तुतिंग ते पासीघाट: सियांगवर या हिवाळ्यात जावं का?

तुम्ही विचारलंय की कोलाडला दोनदा आणि ऋषिकेशला एकदा राफ्टिंग झालंय, पोहणं कामापुरतं येतं, वय ४३ आहे. तर अरुणाचलातल्या सियांग नदीवरच्या तुतिंग ते पासीघाट मोहिमेला या हिवाळ्यात जावं का?

जरूर जा, पण पुढच्या हिवाळ्यात. मी चार वर्षांपूर्वी डिसेंबरात गेलो तेव्हा माझी तयारी जवळपास तुमच्याइतकीच होती, आणि ती कमी पडली.

कोलाडला सकाळी वीजघरातून पाणी सोडतात, त्यावर आपण दोनेक तास कुंडलिका नदीत असतो आणि जेवायच्या वेळेला वर आलेलो असतो. पडलात तर जरा पुढे पाणी शांत होतं, कुणीतरी दोर फेकतं. सियांगवर पाण्याचा साधारण १८० किलोमीटरचा पट्टा आहे आणि बराचसा भाग दोन्ही बाजूंनी जंगलाच्या भिंतींतून जातो. रस्ता असलाच तर कुठेतरी वर डोंगराच्या कुशीत. माहितीपत्रकात श्रेणी ३ आणि ४ असं वाचून वाटतं, हे तर आपण ऋषिकेशला केलंय. ही श्रेणी रॅपिड, म्हणजे नदीतला उसळत्या वेगवान पाण्याचा टप्पा, पार करणं किती अवघड आहे एवढंच सांगते. पडल्यावर किती वेळ वाहत जाल आणि मदत किती तासांवर आहे, हे त्या आकड्यात नसतं.

आणि पाणी! हीच तिबेटातली यारलुंग त्सांगपो. हजारभर किलोमीटर पूर्वेला वाहत येते, ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बारवा शिखराला वळसा घालते आणि दक्षिणेकडे कोसळत गेलिंगपाशी भारतात शिरते. पासीघाटच्या खाली दिबांग आणि लोहित येऊन मिळाल्या की तिची ब्रह्मपुत्रा होते. हिवाळ्यात पाणी ‘कमी’ असतं ते फक्त पावसाळ्याच्या मानाने. रंग गर्द हिरवा, आणि सपाट दिसणारं पाणीसुद्धा आतून उकळल्यासारखं वर येतं, मध्येच भोवरा धरतं, मध्येच सोडून देतं. कुंडलिकेवर मी असं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पडलो. पाल्सी आणि मोइंग ही तिथली नावाजलेली रॅपिडं. त्यांच्या वेळी आम्ही सगळे सावध होतो. पडलो तो त्यांच्या मधल्या एका बिननावाच्या लाटेत. गाईडने ‘होल्ड ऑन’ म्हटलं तेव्हा मी राफ्टचा दोर धरायच्या ऐवजी अजून एक पॅडल मारत होतो. पाण्याखाली आधी हिरवा उजेड होता, मग तोही गेला. लाइफ जॅकेट वर आणतं, पण आपल्याला हवं तेव्हा आणत नाही. वर आलो, श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि पुढची लाट तोंडात. असं तीनदा झालं. सेफ्टी कयाकवाल्या (पडलेल्यांना वाचवायला सोबत असणाऱ्या छोट्या एकट्याच्या होडीतल्या) मुलाने गाठलं तेव्हा मी त्याच्या कयाकवर चढायला लागलो. तो ओरडला, “दादा, पीछे का हँडल पकडो, पैर मारो!” राफ्टमधल्यांच्या मते सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील. त्या रात्री जेवण गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी राफ्टमध्ये बसताना हात थरथरत होते. पण बसावंच लागलं, कारण परत जायला वाट नव्हती. कोलाड आणि सियांग यांत मला तरी सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो.

म्हणून म्हणतो, हे वर्ष तयारीला द्या. तलावात रोज चाळीस मिनिटं पोहा, पण तेवढ्यावर थांबू नका. वाहत्या पाण्यात पाय पुढे आणि वर ठेवून पाठीवर तरंगणं, प्रवाहाला तिरकं पोहत किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात शिरणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे श्वास. लाट अंगावर येताना तोंड मिटायचं, दोन लाटांमधल्या खोलगटात श्वास घ्यायचा. वाचताना सोपं वाटतं. शरीराला ते मुद्दाम शिकवावं लागतं. ऋषिकेशला पावसाळ्यानंतर हंगाम सुरू झाला की वाहत्या पाण्यातल्या बचावाचं दोन-तीन दिवसांचं शिक्षण मिळतं, ते घ्या. मग जौलजीबी ते टनकपूर असा महाकाली नदीचा प्रवास करा. उजव्या तीरावर कुमाऊं, डाव्या तीरावर नेपाळ, वाळूवर मुक्काम, भोवती जंगल, आणि रॅपिडं सियांगपेक्षा पुष्कळ सौम्य. ओले कपडे, तंबू, सलग दिवस पाण्यावर राहणं, या गोष्टी आपल्याला कितपत मानवतात ते तिथे कळतं.

आता तुम्हाला जावंसंच वाटेल असंही सांगतो, कारण मला ती नदी अजून स्वप्नात दिसते. दिब्रुगडहून निघालात की बोगीबील पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडायची, पासीघाट, मग यिंगकियोंग आणि पुढे तुतिंग. वळणावळणाचा रस्ता, धरा दोन दिवस. तुतिंगकडे बौद्ध मेंबा जमातीची गावं, खाली आलं की आदी जमातीची. वेत आणि बांबूचे झुलते पूल डोक्यावरून जातात आणि त्यांवर उभी मुलं हात हलवत राहतात. रानकेळी, वेताच्या जाळ्या, झाडाएवढे नेचे अगदी पाण्यापर्यंत उतरलेले. संध्याकाळी वाळूवर मिथुनांचे, म्हणजे तिथल्या अर्धरानटी गुरांचे, खूर उमटलेले दिसतात. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दोन-अडीचलाच मुक्काम धरायचा. आपल्याकडच्या सवयीने ‘अजून तासभर जाऊ’ म्हणाल, पण गाईडचं ऐका.

अशाच एका मुक्कामात मला किंथुपची गोष्ट पुन्हा आठवली. सिक्कीमचा हा माणूस. त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच का, हे शोधायला १८८० मध्ये इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्याला एका लामाबरोबर तिबेटात धाडलं. लामाने त्याला वाटेत गुलाम म्हणून विकलं. तो निसटला, एका मठाच्या आश्रयाला राहिला, आणि तरीही काम सोडलं नाही: खुणा केलेले ५०० ओंडके तयार करून रोज ५० याप्रमाणे नदीत सोडले. कधी सोडणार हे कळवणारं पत्र मात्र वेळेत पोहोचलंच नाही. खाली पाहायला कुणी नव्हतं. ते ओंडके याच पाण्यावरून, मी बसलो होतो त्या वाळूसमोरून वाहत गेले असतील. बराच वेळ मला तिथून उठवेना.

नदी वर काय करते याचा खाली पत्ता लागत नाही, हे तिथले लोक जाणून आहेत. २००० च्या एप्रिलमध्ये तिबेटात यीगोंग नदीवर दरड कोसळून बांध तयार झाला आणि १० जूनला तो फुटला. सियांगला लोंढा आला, माणसं गेली, पूल वाहून गेले. म्हणून तंबू पाण्यापासून उंचावर हवेत आणि राफ्ट रात्री वर ओढून बांधलेल्या हव्यात. मोहीम नेणाऱ्यांना हे आधीच विचारा. शिवाय किमान दोन राफ्ट आहेत का, सेफ्टी कयाक किती, गाईड याच नदीवर किती वेळा उतरलाय, परवानगी असलेला सॅटेलाइट फोन आहे का, आणि तिसऱ्या दिवशी कुणाचा खांदा निखळला तर त्याला कुठून आणि कसं बाहेर काढणार. शेवटच्या प्रश्नाला जो गावाचं नाव घेऊन उत्तर देईल त्याच्याबरोबर जा. ‘तसं काही होत नाही’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट हा परवाना लागतो, तो ऑनलाइन निघतो. लाइफ जॅकेट पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर दुसरं मागा. महाकाली करून आलात की इथेच लिहा, पुढचं तेव्हा बोलू.