एकट्याने प्रवास करताय? आधी निरोप घ्यायला शिका

"एकटी फिरायला जाते, पण चार-चार दिवस कोणाशी बोलणंच होत नाही. शेजारी माणूस बसलेला असतो, मनात वाक्य तयार असतं, पण ते बाहेर पडत नाही." शब्द थोडेफार बदलतात, सांगणारेही बदलतात. शिक्षण संपवून पहिल्यांदाच एकटा निघालेला मुलगा असतो, जोडीदार गेल्यावर एकट्या फिरायला लागलेल्या बाई असतात, महिन्यातले निम्मे दिवस कामासाठी गाडीत काढणारा गृहस्थ असतो. चिंता मात्र हीच. आणि बहुतेकांनी त्यावर एकच उपाय करून पाहिलेला असतो, तो म्हणजे चांगली वाक्यं पाठ करण्याचा. फोनमध्ये प्रश्नांची लांबलचक यादी असते आणि त्यातला एकही प्रश्न कधी विचारलेला नसतो.

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या तिशीतल्या एका तरुणीची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आणल्या आहेत.

ती बुजरी नव्हती. "ऑफिसात वीस जणांसमोर बोलते मी," ती म्हणाली. "पण प्रवासात 'ही जागा रिकामी आहे का' एवढं विचारून झालं की पुढे कुलूप."

"पुढे काय होईल असं वाटतं?"

"समोरच्याला वाटेल, ही कोण आगाऊ. तोंड फिरवेल."

"आणि फिरवलं तर?"

"अपमान. दुसरं काय?"

इथे माझा ओढा कुठे आहे ते सांगायला हवं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिच्यावर माझा भर असतो. घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीबद्दल मनात धरलेला 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट माणसाला जास्त छळतो, हे तिचं सार. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे महिनाभरात अशा 130 जणी झाल्या. त्यातल्या 30 उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, आकाशही कोसळलं नाही. त्याची भीती गेली. (आज कोणी अगदी असंच करू नये. बाकावर एकट्या बसलेल्या बाईला यातलं काय सोसावं लागतं, हे आता आपल्याला जास्त कळतं. त्यातलं घ्यायचं ते एवढंच, की नकार मोजता येतो आणि पचवताही येतो.)

ती हसली. दिलेला सरावही तिने मनापासून केला. रोज एका अनोळखी माणसाला काहीतरी साधं विचारायचं होतं. लोकांनी उत्तरं दिली, क्वचित कोणी दुर्लक्ष केलं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पुढच्या सहलीहून ती परतली, तेव्हा मात्र पुन्हा तेच. कोणाशीही बोलणं नाही.

म्हणजे नकाराची भीती होती, पण ती वरवरची. खाली दुसरंच काहीतरी होतं. मग मी प्रश्न उलटा केला.

"समजा, शेजारच्या बाईंनी तोंड फिरवलं नाही. छान हसून उत्तर दिलं. मग?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग अजून पाच तास असतात ना, मॅडम!"

"म्हणजे?"

"म्हणजे बोलतच राहावं लागेल. मध्येच पुस्तक उघडलं तर वाईट दिसेल. डोळे मिटले तर वाईट दिसेल. त्यांनी घरचं सगळं सांगायला घेतलं, तर ऐकावं लागेल. मला गप्प बसायला आवडतं म्हणून तर मी एकटी जाते!"

हेच ते. नकार मिळेल याची तिला जेवढी धास्ती होती, त्याहून जास्त धास्ती होकाराची होती. 'सुरुवात मी केली, तर शेवटपर्यंत निभावलंही मीच पाहिजे' हा तिच्या मनातला नियम होता. तो कोणी घालून दिलेला नव्हता, कधी उच्चारलेलाही नव्हता. ज्याला ब्रेक कुठे आहे ते माहीत नाही, तो गाडी सुरूच करणार नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. तिचं गप्प राहणं तिच्या नियमानुसार अगदी तर्कशुद्ध होतं. त्यानंतर 'समोरच्याने छान उत्तर दिलं, तर मग?' हा उलटा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते, आणि 'पुढे काय बोलू' या चिंतेखाली 'सुटू कशी' ही चिंता किती वेळा सापडते, ते पाहून अजूनही नवल वाटतं. नेहमीचे सल्ले पहिल्या वाक्यावरच का अडतात, ते त्या दिवशी माझ्यापुरतं स्पष्ट झालं.

संभाषण संपवणं सगळ्यांनाच अवघड जातं, याला अभ्यासाचाही आधार आहे. 2021 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं, की दोघांनाही हवं असतं त्या क्षणी संभाषण जवळजवळ कधीच संपत नाही. काहींना ते आधीच थांबायला हवं होतं, काहींना आणखी चालायला हवं होतं, आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज दोघांचाही चुकत होता. म्हणजे तुम्ही निरोप घेता तेव्हा समोरचाही सुटल्याचा नि:श्वास टाकत असण्याची बरीच शक्यता असते.

म्हणून आम्ही शेवटापासून सुरुवात केली. निरोपाचे तीन भाग असतात आणि ते सगळे मिळून दहा सेकंदांत होतात. आधी समोरच्याच्या बोलण्यातली एखादी गोष्ट उचलायची : "तुम्ही सांगितलेली ती वाट लक्षात ठेवते." मग आपण काय करणार ते सरळ सांगायचं : "आता जरा वाचत बसते." आणि लगेच ते करायचं. तिसरा भागच लोक विसरतात. 'वाचते' म्हणून पुस्तक हातात धरून समोर बघत राहिलं, की समोरच्याला वाटतं बोलणं चालूच आहे. पुस्तक उघडायचं, खांदे खिडकीकडे वळवायचे, इयरफोन कानात घालायचे. खोटी सबब शक्यतो नको, कारण 'डोकं दुखतंय' म्हटलं की नंतर दुखल्यासारखं बसावं लागतं. निरोपाची वेळ निवडायची ती हसण्यानंतरची किंवा एखादा किस्सा संपल्यानंतरची. बोलणं पार सुकेपर्यंत थांबलात, तर निघणं पळ काढल्यासारखं दिसतं. माझ्या खोलीत तिने हे उठून, बॅग खांद्याला लावून, मोठ्याने पुन्हापुन्हा केलं. पहिल्यांदा तिने दोनदा 'सॉरी' म्हटलं. ते काढून टाकलं.

शेवट हातात आला आणि सुरुवातीची धास्ती निम्म्यावर आली. तरी सुरुवातीचंही तंत्र असतंच.

तिची सर्वांत मोठी अडचण वेळेची होती. ती अर्धा तास मनातल्या मनात वाक्य घोळवायची. तोवर शेजारच्यानेही 'ही बोलणारी दिसत नाही' असं ठरवलेलं असायचं, आणि मग अचानक आलेला प्रश्न दचकवणारा ठरायचा. उपाय सोपा आहे. बसताना, सामान ठेवताना, पहिल्या मिनिटातच नजर द्यायची, मान हलवायची, 'नमस्कार' किंवा तिथे जे म्हणतात ते म्हणायचं. त्यानंतर तासाभराने बोललात तरी ते आगंतुक वाटत नाही, कारण दार आधीच किलकिलं झालेलं असतं.

पहिलं वाक्य दोघांच्याही समोर असलेल्या गोष्टीबद्दल असावं : फलकावरची बदललेली वेळ, खिडकीबाहेरचा डोंगर, न उघडणारी खिडकी. ते हुशार असण्याची गरज नाही, उलट हुशार वाक्याला तितकंच हुशार उत्तर द्यावं लागतं, म्हणून समोरचा अवघडतो. प्रश्न असा असावा, की एका शब्दात उत्तर देऊन सुटता यावं. हो, सुटता यावं, कारण समोरच्यालाही ब्रेक हवा असतो. त्यानंतर स्वतःचं एक वाक्य जोडायचं. प्रश्न, पुन्हा प्रश्न, पुन्हा प्रश्न अशी सरबत्ती झाली की ती चौकशी होते. पुढचा प्रश्न आलेल्या उत्तरातूनच काढायचा, यादीतून नाही. तिने ती यादी फोनमधून पुसली.

मग थांबायचं. ही पायरी नवख्यांना जमत नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांच्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. एवढ्या वेगाची सवय असल्यामुळे एक सेकंदाची शांतताही नकारासारखी वाटते. पण अनोळखी माणूस आधी आपल्या विचारातून बाहेर येतो, आणि परक्या भाषेत बोलत असेल तर वाक्य जुळवतो. मनात तीनपर्यंत मोजायचं. मोजून होईपर्यंत पुढचं वाक्य टाकायचं नाही.

कधी पुढे जायचं आणि कधी नाही? समोरच्याने उलट प्रश्न विचारला, तर पुढे. सलग दोनदा एका शब्दाचं उत्तर आलं, नजर फोनकडे परतली, गुडघे दुसरीकडे वळले, तर थांबायचं. हसून थांबायचं, कारण पुढचा प्रवास शेजारीच करायचा आहे. इयरफोन घातलेला, नुकताच जागा झालेला, फोनवर बोलून गंभीर झालेला माणूस सोडून द्यावा. नवख्यांनी उतरण्याआधीची शेवटची 15-20 मिनिटं निवडावी. शेवट वेळापत्रकातच लिहिलेला असतो, दोघेही मोकळे होतात. तिने पहिल्यांदा बोलून पाहिलं ते याच वेळात. शेजारच्या बाईंनी उतरायच्या जागेबद्दल सांगितलं, स्वतःच्या मुलीबद्दल थोडं सांगितलं आणि त्या उतरून गेल्या. "एवढंच?" असं तिला वाटलं म्हणे. एवढंच.

मुक्कामाच्या ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर किंवा बैठकीची खोली सर्वांत सोपी, कारण तिथे हात कामात असतात आणि गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. 'कुठून आलात?' पेक्षा 'आज कुठे जाऊन आलात?' बरं, त्याला ताजं उत्तर असतं. गटाने पायी फिरायचं असेल, तर जमण्याच्या वेळेआधी दहा मिनिटं पोहोचावं. गट चालायला लागला की जोड्या ठरून जातात.

हे सगळं करताना सावधपणा बाजूला ठेवायचा नाही. मुक्कामाचं नाव, खोलीचा क्रमांक, उद्याचा मार्ग आणि 'मी एकटीच आहे' हे वाक्य अनोळखी माणसाला द्यायचं नाही. 'एकट्याच का?', 'कुठे उतरलात?', 'उद्या कुठे?' असे प्रश्न एकामागून एक आले, तर ते तुमच्या सोबतीसाठी नसून तुमच्या ठावठिकाण्यासाठी आहेत असं धरावं. पेय आपल्याच हातात, ठिकाण चारचौघांचं, कोणाबरोबर कुठे जातोय हे घरच्या एकाला कळवलेलं. आणि अशा वेळी निरोपाचे तीन भाग लागत नाहीत. उठायचं आणि माणसं असतील तिकडे जायचं. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग उद्धट दिसेन." तोच जुना नियम, नव्या जागी. त्या क्षणी आपण कोणालाही सौजन्य देणं लागत नाही, हे तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं.

नंतर ती फारशी बोलकी झाली नाही, आणि ते माझं उद्दिष्टही नव्हतं. ती अजूनही प्रवासाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत घालवते. फरक इतकाच, की आता गप्प बसते ते मनाला वाटलं म्हणून. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, शिकागोच्या रोजच्या प्रवाशांवरच्या प्रयोगात लोकांचा अंदाज होता की अनोळखी माणसाशी बोलल्याने प्रवास कमी सुखाचा होईल. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितलं होतं त्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. मला हा प्रयोग आवडतो, पण तो रोजच्या प्रवासाचा होता. पाच तास कोणाच्या शेजारी बसायचं असेल, तर मला त्यात निरोपाची सोय जोडावीशी वाटते.

शेवटच्या भेटीत तिचा एक प्रश्न उरला होता. छान गप्पा झाल्या आणि समोरच्याने फोन नंबर मागितला, तर? द्यायची इच्छा नसेल, तर "मी नंबर देत नाही, पण भेटून छान वाटलं" एवढं एका दमात म्हणायचं आणि तिथेच थांबायचं, कारण पुढचं प्रत्येक वाक्य वाटाघाटीला जागा देतं. इच्छा असेल, तर आपला देण्याऐवजी त्यांचा घ्यावा. संपर्क करायचा की नाही, हे घरी पोहोचल्यावर ठरवता येतं.